अनवरी अनवाणी

चूक शालिग्राम नानांची होती. फोनची होती असं नाना पुढे पुष्कळ दिवस म्हणत राहिले. पण फोन काही आपणहून ऐकत नाही, त्याच्याशी कुणीतरी बोलावं लागतं. आणि बोलले होते नाना. तेही जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर, चष्मा घरी विसरून, तोंडात अर्धं केळं असताना.

शालिग्राम नाना भंगाळे म्हणजे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. वय सदुसष्ट. गुडघ्यांनी राजीनामा देईपर्यंत स्वतः पळायचे. त्यानंतर तलावाभोवती पहाटे पळणाऱ्या पंचवीस-तीस जणांचं कार्यालय त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. कुणाचा घोटा सुजला, कोण तीन दिवस आलं नाही, कुठल्या गावी शर्यत आहे, कुणाचा फॉर्म भरायचा राहिलाय, सगळं नानांकडे. दोन महिन्यांनी, जानेवारीत, धुळ्याला एकवीस किलोमीटरची दौड होती. फॉर्म मोबाइलवर, मराठीत. नानांची बोटं अशी, की एका बोटाखाली तीन अक्षरं सहज मावावीत. म्हणून पुण्याच्या लेकानं दिवाळीत त्यांना बोलून लिहायची सोय करून दिली होती. नानांनी फोन तोंडाशी धरला आणि सभेत ठराव वाचावा तसा आवाज लावला, "अनवरी मोईज पिंजारी!"

फोननं लिहिलं: अनवाणी मौज पिंजारी.

नानांना चष्म्याविना ते दिसलं नाही. "पाठवायचं का?" असं फोननं विचारलं. "मग काय मुहूर्त पाहतो?" म्हणत नानांनी बटण दाबलं.

चौथ्या दिवशी सकाळी भिकुबाईंनी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींनी, चहाबरोबर फोन पुढ्यात ठेवला. "हे पाह्यलं का? तुमच्यातली कोनती तरी बाई बिनचपलीची पयनार हाये म्हने धुयाले!"

नानांनी चष्मा लावला. धुळ्याच्या संयोजकांमध्ये स्वप्नील नावाचा एक अति उत्साही तरुण होता. त्याला ते नाव वाटलंच नव्हतं, माहिती वाटली होती. म्हणून त्यानं मोबाइलवर दौडीची जाहिरातच टाकली होती: उगवता सूर्य, त्याच्यापुढे कुणाची तरी गोरीपान अनवाणी पावलं, आणि खाली ठळक अक्षरांत: 'जळगावच्या सौ. पिंजारी एकवीस किलोमीटर अनवाणी धावणार, निव्वळ मौज म्हणून!' त्याखाली शंभर-सव्वाशे अंगठे आणि तितकेच जोडलेले हात.

नानांचा चहा निवला. पण नाना तसेच उठले आणि स्कूटी काढून पिंजाऱ्यांच्या गादीच्या दुकानात गेले.

अनवरी दुकानाच्या मागच्या खोलीत डबल गादीवर बसून धावदोरा घालत होती. वय चव्वेचाळीस, अंगानं काटक. हातात वीतभर लांबीची सुई. मोईजभाई पुढे गिऱ्हाइकाला कापसाचं वजन करून देत होते. नानांनी आत येऊन सगळा गुन्हा कबूल केला, केळ्यासकट. "मी आत्ता, तुझ्यासमोर त्या स्वप्नीलला फोन लावतो," ते म्हणाले. "तो उद्या दुरुस्ती टाकेल. चूक माझी, माफी माझी, तुला त्रास काही नाही."

अनवरीनं फोन हातात घेतला. ते चित्र ती बराच वेळ पाहत राहिली. दोन ओळी वाचायला इतका वेळ लागतो? नानांना वाटलं, बाई चिडली. पण तिचा चेहरा चिडलेला नव्हता. कुणीतरी बाहेरून आपलं नाव घेऊन हाक मारली की काय, म्हणून माणूस कान देतो, तसा होता.

"राहू द्या," ती म्हणाली.

"काय राहू द्या? अगं, एकवीस किलोमीटर! अनवाणी! रस्ता काय गादी आहे?"

"दोन महिने आहेत ना, नाना? करीन सराव."

नाना बाहेर पडले तेव्हा ती गादीवर हात फिरवत काहीतरी चाचपत होती. त्यांना नंतर मोईजभाईंकडून कळलं की सुई कापसात हरवली होती. पंचवीस वर्षांत अनवरीच्या हातून सुई हरवली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं सगळी गादी उसवली.

अनवरी पळायला लागली ती साखरेमुळे. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी 'काठावर आहे' असं सांगून चालायला लावलं. ती तलावावर आली ती एकटी नव्हे. मागून अर्ध्या पावलाच्या अंतरानं तिची धाकटी बहीण तबस्सुम आली. दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. मोईजभाईंच्या धाकट्या भावाला, उमरला, तबस्सुम दिली होती. तबस्सुमची साखर ठणठणीत होती. "मग तू कायले चालते?" असं नानांनी विचारलं होतं, तर म्हणाली, "आपा चालते म्हणून." आपानं निळी सलवार शिवली की हिची निळी. आपानं उपवास धरला की हिला भूक नाही. आपाला पडसं झालं की ही शिंकणार. आपा चालायची ती एक दिवस पळायला लागली, तर ही पळायला लागली. पहिल्या महिन्यात दोघींना पाहून तलावावरच्या टवाळांनी "काय भाभी, बस चुकली का?" असं विचारून घेतलं. तबस्सुमनं वळून सांगितलं, "बस आमच्या मागं आहे, पकडा." पुढे दोघी दहा-दहा किलोमीटर पळू लागल्या आणि टवाळ मागेच राहिले.

बूट दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले. एकच रंग, एकच कंपनी, आणि निघाला तो दोषही एकच. दोघींच्या डाव्या बुटाचा तळवा सहा महिन्यांत पुढून उखडला. पाऊल उचललं की 'चट्' असा आवाज व्हायचा. दोघी मिळून 'चट्-चट्' असा. नाना धुक्यात नुसत्या आवाजावरून ओळखायचे, पिंजारी भगिनी आल्या. तबस्सुम म्हणायची, "नाना, आपा सुई, मी दोरा. सुई जाईल तिथं जायचं, जास्त विचार नाही करायचा."

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, तबस्सुमला ताप आला. जळगावात खाट मिळाली नाही, मिळाली ती धुळ्यात. गाडीत एकाच माणसाला बसू देत होते, म्हणून उमर गेला. घाईत चपला सापडेनात, तेव्हा तबस्सुम दारातले पळायचे बूट घालून गाडीत चढली. नवव्या दिवशी ती गेली. दफन धुळ्यातच झालं. जिल्ह्याची हद्द बंद, अनवरीला जाता आलं नाही. उमर परत आला तो एक पिशवी घेऊन. पिशवीत ओढणी होती, फोन होता. बूट नव्हते.

अनवरी वर्षभर तलावावर आली नाही. नंतर आली ती एकटी. एकटी, पण रस्त्याच्या उजव्या कडेनं. डावी बाजू अर्ध्या पावलापुरती मोकळी ठेवून. पळताना अधूनमधून डाव्या खांद्यावरून मागे पाहायची. सगळ्यांना दिसायचं, कुणी बोलत नसे. बोलायचे ते नाना, आणि तेही बुटांवर. "अगं, नवे बूट घे आता. हे बूट आहेत की मगरीची तोंडं?" अनवरी ऐकायची नाही. तेच बूट ती मोच्याकडून वारंवार शिवून आणायची. उजवा शिवलेला, टाच शिवलेली. डाव्याचा पुढचा तळवा तेवढा तसाच.

सराव सुरू झाला. नानांनी त्यात अपराधी माणसाच्या तडफेनं उडी घेतली. कुठूनतरी माहिती काढली आणि वहीत लिहिली: पहिला आठवडा गवतावर पाच मिनिटं, दुसरा आठवडा मातीवर दहा, मग डांबर. टाच आधी टेकवायची नाही. पावलं आखूड टाकायची. अनवरी पहिल्या दिवशी गवतावरून पळून आली आणि म्हणाली, "हे तर आमचंच काम आहे, नाना. बूट घातले की लांब टाका पडतो, कच्चा. पायात काही नसलं की आखूड पडतो, पक्का." तिसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की दुकानाच्या दोन पायऱ्या तिला बसून उतराव्या लागल्या. मग सराटे रुतले. ते ती गादीच्या सुईनं स्वतःच काढायची आणि नाना दुसरीकडे तोंड करून उभे राहायचे.

डांबरावरच्या सरावात नाना स्कूटीवर शेजारी असत. हँडलला पिशवी, पिशवीत तिचे बूट. पाय सोलले तर घालायला. आणि एक गोष्ट झाली, जी नानांच्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती. बूट काढले की अनवरी म्हणायची, "नाना, बोला."

"काय बोलू?"

"काहीबी. पण थांबू नका."

ज्यांना साहेबांनी, सहकाऱ्यांनी आणि चाळीस वर्षं भिकुबाईंनी 'आता पुरे' एवढंच सांगितलं होतं, त्या नानांना ही केवढी मोठी संधी! नाना बोलले. बदल्यांचे किस्से, वरणगावच्या मेव्हण्याची भांडणं, यावलच्या एसटीत राहिलेला फणस. स्कूटी फटफटत होती, नाना बोलत होते, आणि अनवरी मान खाली घालून आखूड टाके घालत होती. घरी येऊन नाना म्हणाले, "पोरीला माझ्या बोलण्यानं दम मिळतो."

भिकुबाई म्हणाल्या, "तिचे पाय सोलले ते समजलं. कानाले काय झालं तिच्या?"

डिसेंबरच्या शेवटी दाट धुकं पडलं. त्या पहाटे स्कूटी सुरूच झाली नाही. अनवरी म्हणाली, "मग आज बूट घालूनच पळते." नाना तलावाच्या बांधावर थांबले. काठावरचे दिवे धुक्यात पिवळ्या डागांसारखे दिसत होते. पलीकडचं काही दिसत नव्हतं. पाणीसुद्धा नुसतं असल्याचं जाणवत होतं. वीसेक मिनिटांनी धुक्यातून आवाज आला. चट्.

आली, नाना मनात म्हणाले. आणि मग त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. कारण त्या 'चट्'च्या मागोमाग, अर्ध्या पावलाच्या अंतरानं, जरा हलका, दुसरा 'चट्' आला. चट्-चट्. चट्-चट्. नानांनी तो आवाज शेवटचा ऐकला त्याला पावणेचार वर्षं झाली होती.

धुक्यातून अनवरी बाहेर आली. एकटी.

"कोण होतं गं बरोबर?" नानांच्या तोंडून निघून गेलं.

अनवरी जागच्या जागी थांबली. पळणारा माणूस हळूहळू थांबतो. ही खिळा ठोकल्यासारखी थांबली. "तुम्हालाबी ऐकू आलं?"

नाना हेडक्लार्क होते. भीती वाटली की कारण शोधायचं, ही त्यांची सवय. "तसं नव्हे," ते घाईघाईनं म्हणाले, "त्या पंपघराची भिंत आहे ना, तिच्यावर आवाज आपटून परत येतो. धुक्यात जास्तच." बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

अनवरी बांधावर बसली. बुटाच्या उखडलेल्या तळव्यावरून बोट फिरवत म्हणाली, "भिंत नसते तिथंबी येतो, नाना. तीन वर्षं होत आली. मी पळायला लागले की दुसऱ्या किलोमीटरला येतो. डाव्या बाजूनं, मागून. पहिल्यांदा मी घाबरले. मग रोज त्याच्यासाठीच यायला लागले."

नाना तिच्याशेजारी बांधावर टेकले.

"पण मला समजतं. बूट माझेबी तसेच आहेत. तळवा माझाबी उखडलेला. आवाज माझाच असंल. म्हणून नवे बूट घेत नाही. घेतले आणि आवाज बंद झाला, तर? अनवाणी माझा पाय वाजत नाही. मग जो ऐकू येईल तो तिचा. आणि नाहीच आला, तर तीन वर्षं मी माझ्याच बुटाला बहीण म्हणत होते."

"मग कायले घ्यायची ही परीक्षा?" नाना कळवळून म्हणाले. "मी आत्ता फोन करतो त्या स्वप्नीलला."

"तिला मी धुळ्यात एकटी सोडली, नाना. चिठ्ठी धुळ्यातूनच आली. अनवाणी ये म्हणून."

"अगं, ती चिठ्ठी नाही! मी केळं खात होतो!"

"तुमच्या तोंडून आली, एवढंच."

नाना घरी आले आणि दिवसभर बोलले नाहीत. भिकुबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. 'नाना, बोला' याचा अर्थ आता त्यांना लागला होता. महिनाभर ते जे बोलत होते ते ऐकण्यासाठी नव्हतंच. दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून होतं. मेव्हणा, फणस, बदल्या, सगळं तिनं कानात कापसासारखं भरून घेतलं होतं.

धुळ्याची दौड सकाळी सहाला सुटली. थंडी अशी, की डांबरसुद्धा बर्फाच्या लादीसारखं लागत होतं. अनवरीच्या छातीवर कागद टाचलेला: अनवाणी मौज पिंजारी. नावाची दुरुस्ती तिनं करू दिली नव्हती. लोक तिच्या पायांकडे बघत होते, ती समोर बघत होती.

नाना बाराव्या किलोमीटरला, नकाणे तलावाच्या बाजूच्या वळणावर उभे राहिले. हातात बुटांची पिशवी. ठरलं तसं होतं: पाय फुटले असतील तर इथं बूट घालायचे आणि पुढचं अंतर बुटांनी पळायचं. पुढचा घोळका केव्हाच निघून गेला होता, मागचे अजून लांब होते. बँडबाजा गावात राहिला. रस्ता ओस. शेजारी दुधाची किटली घेऊन एक म्हातारी तेवढी उभी होती.

मग लांबून अनवरी येताना दिसली. दिसली, पण ऐकू येईना. नानांना तेच सहन होईना. माणूस जवळ जवळ येतोय आणि आवाज नाही, हे काही जित्या माणसाचं लक्षण नव्हे. तिची मान डावीकडे किंचित कललेली होती. डाव्या टाचेशी रक्ताची रेघ होती. आणि चेहऱ्यावर ते कान देणं, गादीवर बसून फोन पाहताना होतं तेच.

म्हातारीनं तिच्या उघड्या पायांकडे बोट करून विचारलं, "ओ भाऊ, बठ्ठा बूट घालीसन पयी ऱ्हायनात, हाई बाई काबर अशी?"

"मौज म्हणून," नाना म्हणाले.

अनवरी जवळ आली. नानांनी पिशवी पुढे केली. तीत तीन वर्षांचा आवाज होता. पायात घातला की परत मिळाला असता. बोलू का? पाचशे गोष्टी तयार होत्या. अनवरीनं पिशवीकडे पाहिलं. मग नानांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. न थांबता ती वळणावरून पुढे गेली. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्याबरोबर तोंड मिटलं. ती दिसेनाशी होईपर्यंत ते कान लावून उभे होते. तलावावरच्या वाऱ्याखेरीज काही ऐकू आलं नाही.

दोन तास चोपन्न मिनिटांनी ती मैदानात शिरली. स्वप्नीलनं माइकवरून "अनवाणी मौज पिंजारी!" असा पुकारा केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनवरी बादलीत पाय सोडून बसली. रडली नाही, हसली नाही. गळ्यातल्या पदकावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, टाका नीट बसलाय का हे पाहावं तशी.

परतीच्या जीपमध्ये गटातले बाकीचे झोपून गेले. नाना आणि अनवरी मागच्या बाकावर, मधे बुटांची पिशवी. रस्त्याला खड्डा आला की पिशवीत डावा बूट वाजायचा. चट्. दोघंही एकदम पिशवीकडे बघायचे. तिसऱ्या खड्ड्यानंतर नानांनी पिशवीत हात घालून तो तळवा अंगठ्यानं दाबून धरला आणि पारोळ्यापर्यंत तसाच धरून ठेवला. विचारावं की नाही, याचा ठराव त्यांच्या मनात मांडला जायचा आणि नामंजूर व्हायचा.

पारोळ्याला जीप चहाला थांबली. अनवरी फडकं बांधलेल्या पायांनी हळूहळू उतरून बाकड्यावर बसली आणि बशीत चहा ओतला. नानांना आता राहवेना.

"आवाज आला का गं?"

अनवरीनं चहावर फुंकर घातली. "नाही आला."

नाना स्वतःच्याच केळ्याला मनातल्या मनात शिव्या देत राहिले. बरंच काही सांगायचं सुचलं. भिंतीचं, धुक्याचं, मन कसं असतं त्याचं. शेवटी अगदी लहान आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे ती... नव्हतीच?"

अनवरीनं बशी खाली ठेवली आणि हिशेब न येणाऱ्या कारकुनाकडे बघावं तसं नानांकडे पाहिलं.

"मी काढले म्हणून तिनंबी बूट काढले, नाना."